गाडीची गारी

९ एप्रिल २००६, रविवार

आज सकाळच्या चहात कापसाचे तूस निघाले. याचा मी येथे लेखी निषेध नोंदवतो, कारण तोंडी निषेधाला या घरात किंमत उरलेली नाही. आले नावापुरते, साखर बेताची, दूध पाण्याशी सख्य राखून असलेले, हे सर्व मी गृहस्थाश्रमाचा भाग म्हणून सोसत आलो. पण घोट घेतल्यावर जिभेला केस लागावा, तो बोटाने ओढून काढावा आणि तो केस नसून खालच्या मागावरचा तंतू निघावा, हे कोणत्या स्मृतीत बसते? कमळला कप दाखवला. ती म्हणाली, "अहो, तूसच आहे ना, साप तर नाही." आणि खोकत आत गेली.

भिवंडीत आम्ही वर राहतो, खालच्या गाळ्यात सादभाईचे माग चालतात, ही रचना माझ्याच वडिलांची. गाळ्याच्या भाड्यावर घर चालते आणि बातमीदारीवर माझा रुबाब चालतो. तेव्हा तुसाबद्दल खाली जाऊन भांडता येत नाही. म्हणून ही दैनंदिनी.

तूस हा शब्द संस्कृत 'तुष'वरून आला. तुष म्हणजे कोंडा. त्याची आग तो तुषाग्नी. ज्वाला दिसत नाही, धूर बेताचा, आत मात्र धुमसत राहते. असला तुषाग्नी कालपासून माझ्या पोटात आहे आणि त्याचे कारण चहा नव्हे. कारण केसरीनाथ.

केसरीनाथ माझा साडू, कमळच्या थोरल्या बहिणीचा, गुणाताईचा, नवरा. मानकोलीला त्याची भातशेती होती. तिथे गोदामे आली आणि केसरीनाथाचा केसरीशेठ झाला. काल त्याच्या मुलाचा, भाविकचा, साखरपुडा अंबाडीला मुलीकडे झाला. दुपारी निघताना ऊन असे की डांबराला चपला चिकटत होत्या. मी माझी जुनी मारुती मांडवाच्या दारात आणली, कमळसाठी दार उघडून धरले. तेवढ्यात आपल्या प्रचंड काळ्या गाडीला टेकून केसरीनाथ अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडला, "कमल, तू आमच्या गारीन बस! शास्त्रीचे गारीन बसलीस त घरी पोचेपरयंत तुजी उसल व्हईल!"

मांडव हसला. मुलीकडची कोणी पुतळाबाई, जिला मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, तीही तोंडाला पदर लावून हसली. मी वाट पाहिली की कमळ काही तरी ठणकावेल. घरी ती मला ज्या वेगाने उत्तर देते त्याच्या निम्म्या वेगानेही दिले असते तरी पुरले असते. पण ती खाली मान घालून, छातीवर हात धरून, मुकाट्याने केसरीनाथाच्या गाडीत जाऊन बसली. काळी काच वर गेली. मी एकटा परतलो. शेजारच्या सीटवर मानाचा नारळ होता. तोही मला हसत असावा.

१० एप्रिल, सोमवार

आमच्या आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. गाडी ती गारी, घोडा तो घोरा. मी कोन गावचाच. लहानपणी मीही गारीच म्हणायचो. पुढे कल्याणच्या पाठशाळेत गुरुजींनी माझ्या जिभेवरचा 'र' खरवडून काढला आणि तिथे 'ड' बसवला. तेव्हापासून गावाला मी शास्त्री आणि शास्त्र्यांना मी कोनचा.

आज मागांच्या खडखडाटात झोप लागेना, म्हणून 'गारी'ची व्युत्पत्ती लावली. धन ज्याच्यापाशी आहे तो धनी, तसा गार ज्याच्यापाशी आहे तो गारी. म्हणजे केसरीनाथाचे वाहन व्याकरणाने गारी ठरते, आणि माझे केवळ गाडी. माणूस अडाणी, पण शब्द बिनचूक. हे मला जास्त झोंबले.

माझ्या मारुतीत एसी आहे. बटणावर हिमकणाचे निळे चित्र आहे. ते दाबले की हिरवा दिवा लागतो आणि उन्हाळाच आतल्या बाजूने वाहू लागतो. प्रत्यक्ष वायुपुत्राचे नाव लावलेली गाडी, तिच्याच घरी वारा नाही.

केसरीनाथाच्या गोदामांवर एक बातमी लिहावी, असे क्षणभर मनात आले. पण लेखणी नातेवाइकांवर उगारू नये. ती उगारली की सगळेच नातेवाईक बातमीत येतात. म्हणून दुसरा संकल्प सोडला, हातात पाणी घेऊन, अगदी यथासांग. श्यालीपतिं शीतवातेन पीडयिष्यामि. साडूला गार वाऱ्याने छळीन.

योजना अशी. चौदा मेला भाविकचे लग्न, अंबाडीलाच. केसरीनाथाची काळी गाडी फुलांनी मढवून नवरदेवाला जाणार. शेठ स्वतः त्या दिवशी पायउतार. त्याला मी सन्मानाने माझ्या गाडीत पुढे बसवीन, काचा वर करीन आणि मानकोलीपासून अंबाडीपर्यंत त्याचे दात वाजवीन. मांडवात उतरेल तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटता कामा नये.

कमळने विचारले, "हातात पाणी घेऊन काय पुटपुटताय?" म्हटले, संध्या. ती म्हणाली, "दहाव्या वर्षी सोडली ती आज आठवली?"

१३ एप्रिल, गुरुवार

कल्याण रोडवर गुलाम हुसेनचे दुकान आहे. पाटीवर बर्फाचा डोंगर काढलेला आहे आणि डोंगरावर नारळाचे झाड. चित्रकाराने काश्मीर आणि कोकण दोघांनाही नाराज केलेले नाही. गुलामभाई इथल्याच कोकणी घराण्यातला, जाडजूड, बोलण्याचा शौकीन. मराठीत वाक्य सुरू करतो, हिंदीत उतरतो, आणि जिथे उतरतो तिथे हसतो.

"गुलामभाई, वारा येतो, पण गार नाही."

"साहेब, ये तो मेरी खाला की भी शिकायत है. पंखा चालू, मिजाज गरम!" मावशीवरच्या या विनोदावर तो स्वतःच रेलून हसला. "गॅस गेलाय. भरला की बघा."

"गेला म्हणजे कुठे गेला?"

"गेला तो गेला, साहेब. गेलेल्याचा पत्ता विचारायचा नसतो."

तत्त्वज्ञान म्हणून हे मला फार आवडले. मिस्त्रीचे उत्तर म्हणून त्याच क्षणी संशय यायला हवा होता. त्याने नळी लावली, गॅस भरला. आणि खरेच गार! घरापर्यंत काचा वर करून आलो. कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही काच खाली न करता हात केला. श्रीमंत माणसे ओळख का दाखवत नाहीत ते कळले. काच खाली करावी लागते.

१४ एप्रिल, शुक्रवार

शुक्रवारी माग बंद. भिवंडीत याच दिवशी कळते की आपल्याला कान आहेत. कमळही आज फार खोकली नाही. मी म्हटले, "तुझा खोकलाही जुम्याची सुट्टी घेतो वाटतं." ती हसली नाही. बोटांना लागलेले पोळीचे पीठ काढत राहिली.

संध्याकाळी तिला कोनपर्यंत फिरवून आणले. एसी बेतानेच लावला होता. संकल्पाआधीच गॅस संपवायचा नाही. थोड्या वेळाने पाहतो तर ही डोके मागे टेकून गाढ झोपलेली, तोंड किंचित उघडे, श्वास संथ. असे झोपलेले तिला कित्येक दिवसांत पाहिले नव्हते. घरी ती अलीकडे उशांना टेकून बसल्याबसल्या झोपते. पाठ धरते म्हणते. कोनला पोहोचल्यावर उठवले तर म्हणाली, "अजून थोडं फिरवा ना."

म्हणजे शेवटी या बाईलाही गारवाच हवा होता. केसरीनाथाने ते माझ्याआधी ओळखले. तुषाग्नीत आणखी मूठभर कोंडा पडला.

१७ एप्रिल, सोमवार

गॅस गेला. आज सकाळी हिमकणाचे बटण दाबले आणि पुन्हा वैशाख. कमळला कालपासून खोकल्याची उबळ आहे, शिवाय खाली माग. दोन्हींच्या तालात मी आज महापालिकेच्या पाणीकपातीची बातमी लिहिली. त्यात दोनदा 'गॅसकपात' पडले.

गुलामभाई म्हणाला, "परत गेला? बहोत बेवफा गॅस निकला!" मग त्याने साबणाचा फेस लावून गळती शोधली. ती निघाली कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, जिथे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते. "हे मी तेव्हाच बोललो होतो," तो म्हणाला. तो तेव्हा खालाबद्दल बोलला होता. आता म्हणे जुना गॅस मिळेनासा झाला आहे, नवा भरायचा तर रबराच्या कड्या, तेल, सगळेच बदलावे लागेल आणि डॅशबोर्ड उघडून कूलिंग कॉइलही पाहावी लागेल. कधी? "परसूं." गुलामभाईचा परवा हा कालवाचक शब्द नाही. तो आशीर्वाद आहे.

१९ एप्रिल, बुधवार

आज माझ्या संयमाची परिसीमा झाली.

सकाळी गुणाताई आल्या. लग्नाच्या खरेदीला कमळला ठाण्याला नेते म्हणाल्या. खाली काळी गारी उभी. केसरीनाथ चाकावर. त्या बायका सकाळी गेल्या त्या दिवेलागणीला परतल्या. दिवसभराची खरेदी काय, तर टिकल्यांचे एक पाकीट! मी ते उलटेपालटे करून पाहिले. "ठाणं विकत घ्यायला गेला होतात की काय? कोणी दिलं नाही?" असे विचारले. कमळ म्हणाली, "मनाजोगं काही मिळालं नाही." आणि आडवी झाली. तिच्या दंडावर कापसाचा बोळा चिकटपट्टीने लावलेला होता. विचारले तर म्हणाली, डास चावला होता, दुकानदाराने लावून दिला. ठाण्याचे दुकानदार फारच सेवाभावी.

पण खरा अपमान पुढे आहे. मी खाली गेलो. केसरीनाथ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. मी टोमण्याची वाट पाहिली. उत्तरही तयार ठेवले होते, फार चांगले होते. पण त्याने माझ्याकडे पाहिले, तोंड उघडले, मिटले आणि गाडी सुरू करून निघून गेला. टोमणा मारण्याच्याही लायकीचा मी उरलो नाही! शत्रूने तुच्छ लेखावे एकवेळ, पण विसरावे?

परवा म्हणजे परवाच. गुलाम हुसेनच्या दारात जाऊन बसणार.

२४ एप्रिल, सोमवार

बसलो. गाडी उघडली. डॅशबोर्ड काढल्यावर मारुतीचे पोट दिसले. केवढ्या नळ्या आणि केवढा अंधार. गुलामभाईने कूलिंग कॉइलची पेटी ओढून काढली, झाकण उघडले, आत वाकून पाहिले. मग ओरडला, "साहेब, ये कॉइल नहीं, गादी है! रजाई भर जाएगी!"

कॉइलच्या जाळीवर पांढऱ्या तुसाचा थर जमला होता. वर्षानुवर्षे ओलाव्यात बसून बसून लोकरीच्या नमद्यासारखा घट्ट. बोटाने सोलला तर अखंड निघाला, जाळीच्या ठशासकट. रेडिएटरपुढच्या दुसऱ्या जाळीतही तेच. गॅस भरून काय होणार? यंत्राला श्वासच घ्यायला जागा नव्हती. "गाडी कुठं लावता?" गुलामभाईने विचारले. म्हटले, गाळ्याच्या तोंडाशी. "फिर तो ये आदमी की तरह बीमार हुई है," म्हणाला. आणि पुन्हा हसला.

या तुसावर मी पूर्वी आमच्या दैनिकात तीन भागांची मालिका लिहिली आहे. मागावरच्या कामगारांची फुफ्फुसे हा विषय, 'मागामागचा खोकला' हे शीर्षक. संपादकांनी शीर्षकाचे फार कौतुक केले होते.

तो थर कागदात गुंडाळून घरी आणला, कमळला गंमत म्हणून दाखवायला. तिने हातात घेतला, बराच वेळ बोटांत चोळत बसली.

"एवढं गाडीत गेलं कुठून?"

"गाडी खालीच उभी असते ना. गाळ्याच्या तोंडाशी."

"आणि आपण कुठं असतो?"

प्रश्न भूगोलाचा वाटला. आपण कुठे असतो हे तिला माहीत आहे. मी हात धुवायला गेलो. मागाहून पाहिले तर तो तुकडा कचऱ्यात नव्हता. तिच्या देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीमागे ठेवलेला. बायका काय जपून ठेवतील सांगता येत नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

मुहूर्ताचा दिवस पाहून केसरीनाथ पत्रिका घेऊन आला. एकटा. जिना चढल्यावर दम खात खुर्चीत बसला. कमळने पाणी दिले तर तिच्या हातातून तांब्या काढून घेत म्हणाला, "तू बस. मी घेतंय." स्वतःच्या घरी हा माणूस रिमोटही उचलत नाही.

मी सावजाकडे प्रेमाने पाहिले. "शेठ, लग्नाच्या दिवशी तुमची गाडी भाविकला. तुम्ही, गुणाताई माझ्या गाडीत. पुढची सीट तुमची."

वाटले, आता तरी उसळ, पापड, काही तरी येईल. केसरीनाथ म्हणाला, "बरा. कमल पन असंल ना गारीन?"

"असेल की."

"मंग बरा." इकडे तिकडे पाहून त्याने खिडकीकडे हात केला. "शास्त्री, या खिरकीला काच लाव ना. बंद राहील आशी." थोड्या वेळाने, "सादला सांग ना, माग दुसरीकरं ने म्हनून. गाला मी घेतंय भारयानं, पायजे त." आणि शेवटी, "कमलला धार थोरं दिवस आमच्या घरान. गुनाला सोबत व्हईल."

सगळा डाव माझ्या ध्यानात आला. खिडकी म्हणजे माझे घर फुटके. गाळा घेतो म्हणजे भिवंडीतही याला गोदाम हवे. आणि कमळला तिकडे धाडायचे म्हणजे तिला शयनगृहातला एसी दाखवायचा. एका बैठकीत तीन वार! मी शांतपणे म्हटले, "शेठ, आमचं आहे ते आम्हाला पुरेसं आहे."

केसरीनाथाने कमळकडे पाहिले. कमळने मान हलवली, जराशीच, नाही म्हणून. ते मी पाहिले. माझ्या बाजूने उभी राहिली शेवटी! महिन्याभरात प्रथमच बायकोचा अभिमान वाटला.

५ मे, शुक्रवार

गाडीची गारी झाली.

कॉइल धुऊन चमकवली, कड्या नव्या, नवा गॅस. गुलामभाईने पहिल्यांदा पंखा उलटा जोडला होता. वारा यायच्या ऐवजी माझा रुमाल आत ओढला गेला. "टेस्टिंग होती," म्हणाला. दुसऱ्यांदा बरोबर. काचेच्या आतून धुके धरले. त्यावर मी बोटाने 'ॐ' काढला, त्याने ७८६. दोन्ही शेजारी शेजारी छान दिसत होते.

"एकच सांगतो, साहेब. छोटं इंजिन आहे. चढ आला की एसी बंद करायचा. नहीं तो गाडी बोलेगी, उतरो और धक्का मारो."

म्हटले, चढावर बंद करणार नाही. "क्यूँ?" संकल्प आहे, म्हटले. तो विचारात पडला. "ये भी नया गॅस आया क्या?"

१३ मे, शनिवार

आज हळद. मानकोलीला मांडवात गावच्या ठमाबाईने धवल्याची, म्हणजे आमच्याकडची लग्नाची, गाणी धरली. आवाज असा की गोदामांचे पत्रे थरारावेत. कमळ दर वर्षी कोणाच्या ना कोणाच्या हळदीला तिच्या मागे सूर धरते. आज बसली, ओठ हलवले, आवाज काढला नाही. दोन ओळींनंतर उठून मागच्या दारी गेली. गुणाताई तिच्यामागे. मग केसरीनाथ. लग्नघरात बायकांना रुसायला निमित्त लागत नाही.

मी बाहेर येऊन गाडी पाहिली. एसीच्या चारही झडपांची तोंडे पुढच्या डाव्या सीटकडे वळवून ठेवली. यज्ञाची तयारी पूर्ण. उद्या पशू स्वतःच्या पायांनी येणार.

१५ मे, सोमवार

काल लिहिणे झाले नाही. आज जसे घडले तसे लिहितो.

मानकोलीहून निघालो. मी चाकावर, शेजारी केसरीनाथ, डोक्याला गुलाबी फेटा. मागे गुणाताई आणि कमळ. काचा वर केल्या. हिमकण दाबला. पंखा चारवर. वारा असा सुटला की फेट्याचा तुरा आडवा झाला. मी म्हटले, "गारवा बेताचा वाटत असेल तर सांगा हं, शेठ."

केसरीनाथाने हात लांब करून पंखा एकवर आणला. मी पुन्हा चारवर नेला. "अतिथी आहात. संकोच नको." त्याने पुन्हा एकवर. मी पुन्हा चार. गाव मागे पडले. त्याच्या हातांवर काटा आला होता. तो मी पाहिला आणि खोटे कशाला लिहू, इतका आनंद मला माझी पहिली बातमी छापून आली तेव्हाही झाला नव्हता.

मागे कमळला ढास लागली. लग्नाची धावपळ, म्हटले, पाणी पी. ढास थांबेना.

पुढे भिवंडी-वाडा रस्त्यावर लहानसा चढ लागला. गाडी कुंथू लागली. मागे टेम्पोवाला हॉर्नवर बसला. केसरीनाथ म्हणाला, "गारी चरत न्हाय रं. एसी बंद कर."

"गाडी चढते, शेठ. चरतात ती गुरं." हे वाक्य मी सव्वा महिना जपून ठेवले होते.

"बंद कर सांगतंय ना!"

"का? थंडी वाजते?"

तो माझ्याकडे वळला. फेटा वाकडा, ओठ निळसर, डोळ्यांत पाणी. "मना न्हाय रं, भोकाच्या! तिला! तिला गार वारा चालत न्हाय एवरा, उबल येते. डाक्टर बोललाय. तिच्या छातीचा फोटो बघितलास का तू?"

चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली. मी हँडब्रेक ओढला. मागे वळून पाहिले तर कमळ गुणाताईच्या खांद्यावर डोके टेकून हवा ओढत होती, तोंडाने, मासळी बाजारातल्या पाटीतल्या माशासारखी. काचा खाली केल्या. उन्हाचा लोट आत आला. टेम्पोवाला शिव्या देत पुढे गेला.

केसरीनाथ रस्त्यावर उतरून बोलत होता, माझ्याकडे न बघता. "ठान्याला खरेदी कसली? तपासाला नेलता. फोटोन दोन्ही बाजूला पांढरा आलाय. लगीन होईपरयंत शास्त्रीला सांगू नका, आसा शपथ घातलीन तिनं. हातान पानी घेऊन त्यांचा कायतरी संकल्प चाललाय, बोलली, चालू दे, पोरासारखं खूश हायत."

"आणि साखरपुड्याला..." मी म्हटले.

"तवा मांडवान तिला श्वास लागलेला. लोकं तिच्याकरं बघतील, पोरीकरचे इचारतील काय झाला. म्हनून तुजी मस्करी केली. लोकं तुज्याकरं बघून हसली. तिला गारीन बसवता आली." त्याने फेटा काढून हातात घेतला. "तुना राग येल ठावं व्हता."

मी मागचे दार उघडले. पाठशाळा, व्याकरण, बातमीदारी, काही आठवेना. माझ्या तोंडून निघाले, "काय झालंय गो तुना?"

कमळने डोळे उघडले. धाप चालूच होती, तरी हसली. "किती वरसांनी आपले बोलीन बोललात," म्हणाली.

केसरीनाथाने आणि मी गाडीला धक्का मारला. नवरदेवाचा बाप, घामाने चिंब, आणि मी. मांडवात पोहोचलो तेव्हा अक्षता पडायच्याच होत्या. पुतळाबाई आम्हाला पाहून हसली.

१८ मे, गुरुवार

आज ठाण्याला मी नेले. काचा अर्ध्या, एसी बंद. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मी तो पांढरा रंग ओळखला. आणखी एक तपासणी केली आहे, नळी आत घालून. अहवाल यायचा आहे. डॉक्टरांनी विचारले, घराजवळ काय आहे? मी म्हटले, घराखाली आहे.

कमळ मानकोलीला गुणाताईकडे आहे. केसरीनाथाने खोलीचा एसी अगदी मंद ठेवला आहे आणि दर तासाला दारात येऊन विचारतो, "गार जास्त न्हाय ना?" मी परत आलो, सादभाईशी बोलायला. गाळ्यात गेलो. बोलायला तोंड उघडले आणि पाहिले तर त्याची आई हमिदाबी कोपऱ्यात सुताच्या कांड्या भरत खोकत होती. तसाच मागे फिरलो. उद्या बोलेन. बोलावेच लागेल.

वर आलो. चहा स्वतः केला. त्यात तूस होते. कपावर बशी झाकायला विसरलो होतो. देवाच्या फळीवर तो तुकडा अजून तसाच आहे, कुंकवाच्या डबीमागे. हात लावला नाही.

केसरीनाथावर राग होता तेव्हा बरे होते. उठल्यावर काय करायचे ते ठरलेले असे. आता राग उरलेला नाही. घर फार मोठे वाटते. तिला काही झाले तर, याची मला भीती वाटते. दुसरे काही नाही.